पाणबुडी पंपाची तार किती जाड असावी?

‘मोटर जळली’ हे दोन शब्द विहिरीच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरांत ज्या स्वरांत उच्चारले जातात, तो स्वर शहरांतील मंडळींच्या कानीं सहसा पडत नाहीं. गहूं ओंबीवर आलेला असतो, हरभऱ्याचे घांटे भरत असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत बोअरमधून येणारी धार थांबते. मग पाइपासकट मोटर वर ओढावयाची, ती तालुक्याच्या गांवीं वाइंडिंगसाठीं न्यावयाची, कारागिराकडे आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, आणि पुन्हां ती खालीं सोडावयाची. यांत आठ-दहा दिवस सहज जातात. पीक मात्र तितके दिवस थांबत नाहीं. घरांत चर्चा सुरू होते. कोणी कंपनीला दोष देतो, कोणी विजेला, कोणी नशिबाला. जिच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं अशी एकच वस्तु उरते, ती म्हणजे विजेच्या खांबापासून मोटरीपर्यंत गेलेली तार. पुष्कळ वेळां खरी अपराधी तीच असते. आणि तिचा अपराध एवढाच, कीं ती असावयास हवी त्यापेक्षां बारीक असते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांत धामणगांव बढे हें गांव आहे. तेथील विहिरींचें उदाहरण या विषयाला फार सोयीचें आहे. हा सारा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. लाव्हारसापासून झालेल्या या खडकांत, वाळूंत मुरावें तसें पाणी सर्वत्र सारखें मुरत नाहीं. तें खडकाच्या भेगांत, फटींत व वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरांत सांठतें. म्हणून एका शेतांत पाणी लागतें आणि शेजारच्या शेतांत लागत नाहीं. बोअर तेथेंच घ्यावा लागतो जेथें पाणी आहे. विजेचें रोहित्र, ज्याला खेड्यापाड्यांत सर्वत्र ‘डी. पी.’ म्हणतात, तें मात्र रस्त्याच्या कडेला किंवा दुसऱ्याच कोणाच्या बांधावर उभें असतें. या दोहोंमधील अंतर आणि जमिनीखालीं मोटर जितकी खोल सोडली असेल ती खोली, यांची बेरीज म्हणजे तारेची लांबी. उन्हाळ्यांत पाणी खालीं गेलें कीं मोटर आणखी खालीं सोडतात, आणि ती लांबी आणखी वाढते.

पूर्वीं हा प्रश्न नव्हता. मोटेच्या काळांत तार नव्हतीच. पुढें विहिरीच्या कांठावर इंजिन किंवा विजेचा पंप आला, तेव्हांहि तार फार तर कांठापर्यंत जाई. परंतु कांठावरचा पंप पाणी ओढतो म्हणजे पाइपांतील हवा काढून घेतो. पाण्याला वर ढकलण्याचें खरें काम बाहेरची हवा करते. हवेचा हा दाब पाण्याला सुमारें १०.३ मीटरांपेक्षां अधिक उचलूं शकत नाहीं, आणि प्रत्यक्षांत तर कांठावरचा पंप सात-साडेसात मीटरांच्या खालचें पाणी आणूं शकत नाहीं. पाणी त्याहून खोल गेलें कीं पंपालाच पाण्याजवळ जावें लागतें. तत्कालीन रशियन साम्राज्यांत जन्मलेले अभियंते आर्माइस आरुतुनॉफ यांनीं १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील तेलाच्या विहिरींसाठीं मोटर व पंप एकत्र जोडून खालीं सोडण्याची युक्ति यशस्वी करून दाखविली. आज आपल्याकडील लाखों बोअरांत तीच युक्ति काम करीत आहे. हा पंप पाणी ओढीत नाहीं, खालून ढकलतो. म्हणून त्याला सात मीटरांची मर्यादा राहिली नाहीं. मात्र मोटर खालीं गेली तशी तारहि तिच्यामागें खालीं गेली.

आतां या तारेंत काय घडतें तें पाहूं. लांब व अरुंद नळींतून पाणी सोडलें तर दुसऱ्या टोंकाला धार मंदावते, हें बागेला पाणी घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नळी स्वतःच पाण्याला अडविते. तसेंच तारहि विजेच्या प्रवाहाला थोडीशी अडविते. या अडथळ्याला रोध म्हणतात. तार दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट होतो. तार दुप्पट जाड, म्हणजे तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें, तर रोध निम्मा होतो. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा, कीं प्रवाहाला रोधानें गुणलें असतां जितके व्होल्ट येतात तितका दाब त्या रोधांत खर्च होतो. म्हणजे खांबावर ४१५ व्होल्ट असले तरी मोटरीपर्यंत ४१५ पोंचत नाहींत. वाटेंत तार आपला वांटा काढून घेते.

येथें एक मोठा गैरसमज होतो. दुकानांत गेलेला गृहस्थ मोटर किती अश्वशक्तीची आहे तेवढें सांगतो आणि दुकानदार कोष्टक पाहून तार देतो. त्या कोष्टकांत बहुधा, तार भाजून न निघतां किती अँपियर वाहूं शकेल, एवढेंच दिलेलें असतें. पांच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या पाणबुडी मोटरीला सुमारें ९ ते १० अँपियर लागतात, आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तेवढा प्रवाह सहज वाहते. हात लावला तरी ती गरम लागत नाहीं. शिवाय तिचा निम्मा भाग थंड बोअरमध्यें असतो. म्हणून तार पुरेशी आहे अशी सर्वांची खात्री पटते. परंतु तार भाजते कीं नाहीं ही एक परीक्षा आहे, आणि मोटरीला पुरेसा दाब पोंचतो कीं नाहीं ही अगदीं वेगळी परीक्षा आहे. तार आंखूड असेल तेव्हां पहिली परीक्षा पुरते. तार लांब असेल तेव्हां दुसरीच निर्णायक ठरते. अश्वशक्तीचा आंकडा लांबीविषयीं कांहींच सांगत नाहीं.

दुसऱ्या परीक्षेचें गणित मराठी चौथी पास झालेल्या माणसालाहि करतां येईल. तीन फेजची मोटर व तांब्याची तार असेल तर तारेची एकेरी लांबी मीटरांत घ्यावी, तिला अँपियरांनीं गुणावें, त्या गुणाकाराला ०.०३५ नें गुणावें, आणि तारेच्या चौरस मिलिमीटरांनीं भागावें. उत्तर येईल तितके व्होल्ट वाटेंत खर्च होतात. हें गणित ढोबळ आहे. गरम तारेचा रोध थोडा वाढतो आणि मोटरीचा प्रवाह दाबाच्या थोडा मागें राहतो, पण या दोन गोष्टी एकमेकींना बहुतेक खोडून काढतात, म्हणून व्यवहाराला तें पुरतें. उत्तर ४१५ व्होल्टांच्या तीन-साडेतीन टक्क्यांच्या आंत, म्हणजे १५ व्होल्टांच्या आंतबाहेर असावें. पांच टक्क्यांच्या वर कधीं जाऊं देऊं नये.

धामणगांव बढ्याच्या शिवारांतील एकादें शेत डोळ्यांपुढें आणावें. डी. पी.पासून बोअरपर्यंत १५० मीटर अंतर, आणि बोअरमध्यें मोटर १०० मीटर खोल. एकूण लांबी २५० मीटर. मोटर पांच अश्वशक्तीची, प्रवाह १० अँपियर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेंत ३५ व्होल्ट, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांहून अधिक दाब वाटेंतच खर्च होतो. चार चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें २२ व्होल्ट जातात. म्हणजे पांच टक्क्यांच्या वरच. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेंत साडेचौदा, आणि दहाच्या तारेंत पावणेनऊ. तेव्हां या शेताला सहाची तार हवी. तीच मोटर डी. पी.जवळच्या ३० मीटर खोल विहिरींत असती, तर तिला अडीचची तार खुशाल पुरली असती. मोटर एकच, प्रवाह एकच. फरक आहे तो केवळ लांबीचा.

पस्तीस व्होल्ट गेले तर काय मोठेंसें बिघडलें, असें कोणी विचारील. डी. पी.वर नेहमींच ४१५ व्होल्ट असते तर फारसें बिघडलें नसतें. पण रब्बीच्या दिवसांत, शिवारांतील सर्व पंप एकाच वेळीं चालू असतां, वाहिनीच्या टोंकाच्या डी. पी.वर ३७० व्होल्टच मिळत आहेत असें धरलें, तर अडीचच्या तारेवरील मोटरीला ३३५ व्होल्ट मिळतात. सहाच्या तारेवर ३५५ च्या वर मिळतात. पंपाला पाणी तितकेंच उचलावयाचें असतें, म्हणून दाब कमी झाला कीं मोटर अधिक प्रवाह ओढते. दाब १० टक्के उतरला तर प्रवाह सुमारें ११ टक्के चढतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनीं १८४१ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून त्या ११ टक्क्यांमुळें वाइंडिंगमधील उष्णता २३ टक्क्यांनीं वाढते. शिवाय प्रवाह वाढला म्हणजे बाहेरच्या तारेंत आणखी दाब खर्च होतो, मोटरीला आणखी कमी दाब मिळतो, आणि हें चक्र असेंच चालू राहतें. पाण्यानें भरलेल्या पाणबुडी मोटरीच्या वाइंडिंगवरील आवरण प्लास्टिकच्या जातीचें असतें. तें पाण्याला दाद देत नाहीं, पण उष्णतेपुढें मऊ पडतें. मोटर एका दिवसांत जळत नाहीं. ती महिनोन् महिने भाजत असते, आणि एके दिवशीं आवरण फुटतें. तो दिवस सर्वांना दिसतो. मागचे महिने कोणालाच दिसत नाहींत.

सुरू होतांना तर याहून कठीण प्रसंग असतो. थांबलेली मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांच ते सहा पट प्रवाह ओढते. आपल्या उदाहरणांतील अडीचच्या तारेवर त्या क्षणीं मोटरीला तीन चतुर्थांश दाबच पोंचतो. आणि मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटत असल्यामुळें तो निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. सहाच्या तारेवर नऊ दशांश दाब पोंचतो आणि पीळ चार पंचमांश राहतो. पंप मोकळा असेल तर अशक्त मोटरहि अखेर फिरूं लागते, परंतु तिला वेग घेण्यास अधिक वेळ लागतो आणि तो सारा वेळ ती पांचपट प्रवाहांत भाजत असते. पंपांत रेती अडकली असेल तर ती फिरतच नाहीं. याला भर म्हणून पुष्कळ ठिकाणीं ‘ऑटो स्विच’ बसवितात. वीज परत येतांच शिवारांतील सगळे पंप एकाच क्षणीं सुरू होतात आणि दाब कोसळतो. हा स्विच काढून टाकावा आणि कपॅसिटर बसवावा असें महावितरण शेतकऱ्यांना वेळोवेळीं सांगत असतें, तें याच कारणानें. मात्र येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पेटींत बसविलेला कपॅसिटर पेटीच्या अलीकडील तारेचा भार हलका करतो. पेटीच्या पलीकडे, बोअरमध्यें उतरलेल्या तारेचा भार त्यानें रतीभरहि कमी होत नाहीं.

पेटींतील रिले ही मोटरीची राखणदार. प्रवाह वाढला कीं ती पंप बंद करते. परंतु पंप वारंवार बंद पडूं लागला कीं कंटाळून रिलेचा कांटा पुढें सरकवून ठेवण्याची रीत फार पसरलेली आहे. पहारेकऱ्यानें हांक मारली म्हणून त्याचें तोंड बांधावें, तसाच हा प्रकार. रिले वारंवार पडत असेल तर प्रथम टोंग टेस्टरनें तीनहि फेजचा प्रवाह मोजावा, पंप चालू असतां पेटींतील दाब पाहावा, आणि वर सांगितलेलें गणित करून मोटरीपर्यंत किती दाब पोंचतो तें काढावें. शंभर मीटर खालीं मोजमाप करण्यास कोणी उतरूं शकत नाहीं; तेथें गणितालाच उतरवावें लागतें.

जाड तार महाग असते हा आक्षेप खरा आहे. तांब्याची सहाची तार अडीचच्या तारेपेक्षां जवळ जवळ अडीचपट तांबें खाते. पण सगळी तार एकाच जातीची असली पाहिजे असें नाहीं. जमिनीवरील पल्ल्यासाठीं ॲल्युमिनियमची तार वापरतां येते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा अधिक असतो, म्हणून वरील गणितांत ०.०३५ च्या जागीं ०.०५५ घ्यावे. आपल्या शेतांत डी. पी.पासून बोअरच्या तोंडाशीं असलेल्या पेटीपर्यंत १५० मीटर सोळा चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल घातली, तर तींत सुमारें पांच व्होल्ट जातात. पेटीपासून खालीं १०० मीटर चारची तांब्याची केबल घातली, तर तींत पावणेनऊ व्होल्ट जातात. बेरीज चौदा, म्हणजे सबंध सहाच्या तांब्याच्या तारेइतकीच. एक दक्षता मात्र घेतली पाहिजे. तांबें व ॲल्युमिनियम नुसतें पिळून जोडलें तर ओलाव्यानें तो सांधा कुजतो व तापतो. तो पेटींतच, योग्य जोडणीच्या तुकड्यानें केला पाहिजे. मोटर मोठी असून स्टार-डेल्टा पेटी असेल तर बोअरमध्यें दोन केबली उतरतात व प्रवाह त्यांत वांटला जातो. तेथें प्रत्येक केबलीचा हिशेब वेगळा करावा.

किती जाड तार घेणें फायद्याचें, हा प्रश्न विद्वानांनाहि पडलेला होता. पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें प्रसिद्ध झालेले विल्यम थॉमसन यांनीं १८८१ सालीं त्याचें उत्तर दिलें: तारेच्या किमतीवरील वर्षाचें व्याज व झीज, आणि तारेंत वर्षभरांत वायां जाणाऱ्या विजेची किंमत, हीं दोन्ही जेथें सारखीं होतात ती जाडी सर्वांत काटकसरीची. आपल्या उदाहरणांत अडीचची तार ६०० वॅट वीज उष्णतेंत घालविते, सहाची २५० वॅटांच्या आंत. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना काढून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज एप्रिल २०२४ पासून पांच वर्षांसाठीं मोफत केली. त्यामुळें केल्व्हिन यांच्या तराजूंतील विजेचें पारडें शेतकऱ्यापुरतें रिकामें झालें, आणि बारीक तार घेण्याचा मोह वाढला. परंतु बिल आलें नाहीं म्हणून वीज वायां जाण्याची थांबत नाहीं. एका डी. पी.वरील वीस शेतकऱ्यांनीं अशा बारीक तारा घातल्या, तर प्रत्येकीं साडेतीनशें वॅटांप्रमाणें सात हजार वॅट नुसते तारा तापविण्यांत जातात. एका पंपाला लागणाऱ्या विजेपेक्षां हा भार अधिक आहे. म्हणजे कोणाच्याहि शेतांत पाणी न पाडणारा एकविसावा पंप त्या डी. पी.वर चालूं लागतो, आणि त्याच्यामुळें सर्वांचाच दाब उतरतो. विजेचें बिल माफ करतां येतें; ओहमचा नियम माफ करतां येत नाहीं.

विकत घेतांना केबलीवर भारतीय मानकाची खूण आहे कीं नाहीं तें पाहावें, कारण वरचें आवरण जाड करून आंत तांबें कमी घालण्याची लबाडी होऊं शकते. तिची साधी परीक्षा वजनानें होते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचें वजन सुमारें ९ ग्रॅम असतें. त्या हिशेबानें सहाच्या तिपदरी केबलीच्या १०० मीटरांत सुमारें १६ किलो तांबें असावयास पाहिजे, आणि आवरण धरून तिचें वजन त्याहून बरेंच अधिक भरलें पाहिजे. मोटरीजवळचा सांधा पाण्याखालीं राहावयाचा असल्यामुळें तो पुरत्या काळजीनें, पाणी न शिरेल असा बांधून घ्यावा. आणि खोली मोजतांना उन्हाळ्यांत मोटर जेथपर्यंत उतरवावी लागेल तेथपर्यंतची मोजावी; मागाहून तुकडा जोडून लांबविलेली तार ही पुढच्या बिघाडाची सुरवात असते.

शहरांतील घरांनाहि हा हिशेब परका नाहीं. इमारतीच्या आवारांतील बोअरवर बहुधा २३० व्होल्टांची एक अश्वशक्तीची मोटर असते आणि ती सुमारें सात अँपियर घेते. येथें प्रवाह एका तारेनें जातो व दुसरीनें परततो, म्हणून गुणाकार ०.०३५ ऐवजीं ०.०४ नें करावा. साठ मीटर लांबीला दीडची तार घातली तर अकरा व्होल्ट, म्हणजे पांच टक्क्यांच्या जवळ दाब जातो. अडीचची घातली तर पावणेसात, म्हणजे तीन टक्क्यांच्या आंत. दोन तारांच्या किमतींतील फरक मोटर एकदां वर काढून पुन्हां खालीं सोडण्याच्या मजुरीपुढें क्षुल्लक आहे. आणि ज्या घरांतून गांवाकडच्या शेतासाठीं भावाच्या किंवा वडिलांच्या हातीं पैसे पाठविले जातात, त्या घरांना तर हा विषय अधिकच जवळचा आहे. नवी मोटर घ्यावयाचें ठरलें कीं पत्रांत किंवा फोनवर मोटरीची किंमत विचारली जाते, कंपनीचें नांव विचारलें जातें. डी. पी.पासून बोअर किती लांब आहे आणि मोटर किती खोल सोडणार, हे दोन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. ते आधीं विचारावे. मोटर जितक्या काळजीनें निवडावयाची तितक्याच काळजीनें तिची तार निवडली, तर हरभऱ्याचें शेवटचें पाणी वेळेवर होईल, आणि ‘मोटर जळली’ हे शब्द त्या घरांत पुष्कळ वर्षें उच्चारावे लागणार नाहींत.